बरंवहिनींचा ओढा

दाक्षिण्य अंगी असलेल्या माणसाचे कल्याण होतेच असे नाही. त्याच्या भोवतालच्यांचे मात्र हमखास होते. दुसऱ्याचे मन मोडू नये म्हणून आपले मन मुडपून ठेवायचे, असा हा गुण. विनय शिकता येतो, नम्रता पांघरता येते. दाक्षिण्य उपजतच असावे लागते. आणि ते असले की त्या माणसाच्या घराला जणू कडीच उरत नाही. ज्याला वाटेल त्याने आत यावे.

त्या खेड्याच्या सभागृहात खुर्च्या मांडणारी, कप विसळणारी जी बाई होती, तिला सारे गाव बरंवहिनी म्हणे. कोणी काहीही सांगो, ती आधी ‘बरं’ म्हणे. सासरे गेल्याचा निरोप आला, ती ‘बरं’ म्हणाली. गवंडीकाम करणाऱ्या नवऱ्याच्या डोळ्यांत चुना उडाला आणि दृष्टी परत येणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हाही ती ‘बरं’ म्हणाली, आणि मग भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ एवढाच होता, की तुमचे बोलणे माझ्यापर्यंत पोहोचले. हे गावाला ठाऊक होते. धाकट्या दिराला तर पुरते ठाऊक होते; तो तिच्याच हातचे खाऊन वाढला होता.

घर गावाच्या टोकाला, ओढ्यालगत. नवरा दिवसभर मागच्या दारात खुर्ची टाकून बसे. ओढा हेच त्याचे घड्याळ, आणि वर्तमानपत्रही तेच. पाण्याच्या आवाजावरून डोंगरात पाऊस झाला, गुरे पाण्यावर उतरली, कोणी धुणे आपटते आहे, असे तो सांगे. बहुधा चुके, पण सांगताना त्याचा चेहरा डोळस माणसासारखा होई. त्या चेहऱ्यासाठी ती रोज खुर्ची पुसून मागच्या दारात ठेवी.

एका कंपनीला गावाजवळ वीज साठवणारे बॅटरी केंद्र उभारायचे होते. गावाचे मत घ्यायला कंपनीच्या एक बाई आल्या. जागा दोन होत्या: वरचा माळ, जिथे दिराने नुकतेच घर बांधले होते, आणि ओढ्याकाठचा पडीक तुकडा, वहिनींच्या मागच्या दारासमोरचा. दीर गावसभेचा अध्यक्ष होता.

“आवाज किती येईल?” मागून कोणी विचारले.

“पंख्यांचा येईल थोडा. फ्रिजइतका.”

“कुणाच्या फ्रिजइतका? आमचा तर ट्रॅक्टरसारखा वाजतो.”

सभा हसली. हशा ओसरायच्या आत दीर उठला. “बाई, ओढ्याकाठी घर एकच आहे, माझ्या थोरल्या भावाचं. त्या घरचं माणूस इथंच उभं आहे, तिलाच विचारू की.” तो वळला. “वहिनी, केंद्र तुमच्या घरामागं करायचं म्हणतायत.”

वहिनींच्या हातात कपांचा ट्रे होता.

“बरं,” त्या म्हणाल्या.

कंपनीच्या बाईंच्या कचेरीत या शब्दाचा अर्थ संमती असा होत असे. त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतले. वहिनी पुढचे वाक्य जुळवीत होत्या. तोवर टाळ्या पडल्या, आणि चहा निवत होता.

सकाळी त्यांनी बाईंना गाडीपाशी गाठले. “ते आमच्या मागं नको. ह्यांना ओढा ऐकू यायला हवा.”

“पण काल तुम्हीच बरं म्हणालात ना?”

“ते ऐकलं म्हणून म्हणाले.”

दीर गाडीचे दार धरून उभा होता. “वहिनी, गावासमोर शब्द दिलात. आता माघार?”

“शब्द नाही दिला, भावोजी. तुम्हाला माहीत आहे.”

“मला काय माहीत? मी आपला सभेत बसलो होतो.” बाजूला उभ्या बायकांतली एक तोंडाला पदर लावून हसली.

बाई कनवाळू होत्या. “हरकत असेल तर पुढच्या सभेत मांडा. मांडाल ना?”

“बरं,” वहिनी म्हणाल्या.

पुढची सभा झाली ती केंद्राच्या कुंपणाला कोणता रंग द्यावा या विषयावर. वहिनींनी खुर्च्या मांडल्या, चहा दिला, आणि कप गोळा करण्याआधी त्या प्रथमच मधोमध येऊन उभ्या राहिल्या. “ते केंद्र तिथं नको,” त्या म्हणाल्या.

“वहिनी, आज विषय रंगाचा आहे,” दीर म्हणाला. “हिरवा चालेल का, तेवढं सांगा.”

सभागृह इतके हसले की कंपनीच्या बाईंनाही ओठ दाबावे लागले. हिरवा रंग ठरला.

कुंपणाआड पांढऱ्या पेट्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. पंखे सुरू झाले, ते थांबले नाहीत. नवरा काही दिवस मान तिरकी करून ऐकत राहिला. मग त्याने विचारले, “ओढा आटला का गं?”

पाणी दारापासून हाकेच्या अंतरावर दगडांवरून उड्या घेत होते. तिने खरे सांगितले असते, तर जे आहे ते कायमचे हिरावले गेले, आणि ते तिच्याच तोंडच्या शब्दाने, हेही त्याला कळले असते.

“हो,” ती म्हणाली. “आटला.”

“बरं,” तो म्हणाला.

त्यानंतर त्याने खुर्ची मागच्या दारात मागितली नाही. भिंतीकडे तोंड करून तो पडून राही, आणि तसाच गेला. वहिनींनी त्यानंतरही सभागृहात खुर्च्या मांडल्या. त्या वारल्या तेव्हा दीर गहिवरून म्हणाला, “आमच्या वहिनींनी जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही.” त्याचे बोलणे कोणी दुरुस्त केले नाही.

सभागृहाच्या भिंतीवर आता एक पाटी आहे: ‘मत विचारल्यास हो किंवा नाही असेच सांगावे.’ घर बंद आहे. ओढा बारा महिने वाहतो.