पुलावर लावलेल्या गाड्या

चक्रीवादळाचा इशारा आला तेव्हा मी डोंबिवलीत खाडीलगतच्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. आदल्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी भरून गाड्या बुडाल्या होत्या. म्हणून मी घरोघरी फिरलो आणि दुपारपर्यंत सगळ्यांना गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावायला लावल्या. "सेक्रेटरीसाहेब, आता येऊ दे वादळ!" कुणीतरी हसत म्हणालं. मलाही बरं वाटलं.

संध्याकाळी वीज गेली आणि पाचव्या मजल्यावरच्या आजोबांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. त्यांची सून धावत खाली आली. "भाऊ, कुणाची तरी गाडी काढा ना!"

खाली एकही गाडी नव्हती. अ‍ॅम्ब्युलन्स पाण्यात अडकलेली. आजोबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी जिन्याने उतरवलं आणि मी गुडघाभर पाण्यातून पुलाकडे पळालो. गाडी घेऊन परतलो तोवर खुर्चीतच आजोबांचा श्वास थांबला होता.

"तुम्ही धावलात तरी, भाऊ," सून म्हणाली.

मी मान खाली घातली. आजोबांच्या अगदी खालचा फ्लॅट माझा आहे. त्या मशीनची घरघर मला रोज ऐकू यायची, आणि त्या दिवशी घरोघरी फिरताना मी त्यांच्याही दारात जाऊन फक्त गाडीचंच विचारलं होतं.