नावाची मॅनेजर

"अगं मॅनेजरबाई, लेडीज टॉयलेट तुंबलंय. बघ जरा."

डोहाळजेवणाचा हॉल पाहुण्यांनी भरलेला. त्या सगळ्यांसमोर मालकांनी मला हाक मारली. एक पाहुणा म्हणाला, "प्लंबरला बोलवा ना यार." मालक हसले. "कशाला? हिला जमतं. हिच्या घरात पिढ्यानपिढ्यांचा एक्स्पीरियन्स आहे."

दोघं-तिघं हसले. बाकीच्यांनी ताटात मान घातली. मी हातमोजे चढवून आत गेले.

अमेरिकेत, टेक्सासच्या शुगर लँडमधला तो हॉल एका मराठी जोडप्याचा. मी त्यांना काका-काकू म्हणायचे. आधी मी तासावर होते. आठवड्याचे तास जास्त भरले की वरच्या तासांना दीडपट पैसे मिळायचे. मग काकांनी मला मॅनेजर केलं. छातीवर बिल्ला, ठरलेला पगार. आमच्या खानदानात कुणी मॅनेजर नव्हतं. नागपूरला आईने अख्ख्या वस्तीत पेढे वाटले. मीही हुरळले. काम तेच राहिलं. टेबलं लावणं, खरकटं उचलणं, संडास धुणं. घरी जायची ठरलेली वेळ तेवढी गेली, आणि वरच्या तासांचे पैसेही.

त्या दिवशी हात धुऊन तशीच काकांसमोर उभी राहिले. "काका, मला ओव्हरटाइम पाहिजे."

"मॅनेजरला नसतो. कायदाच आहे तसा. तास मजूर मोजतात."

कायदा म्हणतात ना, मग तोच विचारू. कामगार खात्याला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी बिल्ल्याचं नावही काढलं नाही. माणसं कामावर ठेवता का? काढता का? कुणाला काम नेमून देता का? नाही, नाही, नाही. मग दिवसभर करता काय? मी सांगत गेले. संडास म्हणताना जीभ अडली.

त्या म्हणाल्या, "हुद्दा आणि ठरलेला पगार एवढ्याने ओव्हरटाइम बुडत नाही. तुम्ही प्रत्यक्ष काय काम करता, ते बघतात."

मला आधी लाज वाटली. मग संताप आला, पहिल्यांदा स्वतःचाच. इतके दिवस मी तो बिल्ला रोज पुसत होते.

तक्रार केली. काकांना कळलं तेव्हा ते किचनमध्ये सगळ्यांदेखत ओरडले, "जात न बघता तुला मॅनेजर केलं!"

"जात बघूनच केलंत," मी म्हटलं. "हुद्द्याला आम्ही भुकेलेले, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं."

काकू म्हणाल्या, "आपल्याच माणसांवर केस करतेस? कम्युनिटीत कुणी दारात उभं करणार नाही."

नका करू. तक्रार मी मागे घेणार नाही. उद्या वेळेवर कामावर येणार आहे. तक्रारीवरून काढलंत, तर तेही बेकायदाच; त्याचीही तक्रार करीन.