पहिला आकडा

भाताच्या खाचरात, चिखलात मुळांना हवा किती मिळते ते सांगणाऱ्या रेडॉक्स मीटरची सळई खोवली की पहिला आकडा चांगलाच येतो, आणि म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास नाही. सळईबरोबर वरची हवा आत जाते. तो आकडा त्या हवेचा असतो, चिखलाचा नव्हे.

शेवंताकाकूंच्या भाताची पानं तांबूस पडली होती. मुळं गुदमरत असतील, तर खाचरातलं पाणी सोडून द्यावं लागणार होतं, आणि पुन्हा पाणी कधी मिळेल याची खात्री नव्हती.

"चांगला आलाय ना? मग हाच लिहा," काकू म्हणाल्या.

"थांबा जरा."

माणसांचंही मला असंच वाटतं. कुणाच्या दारात जाऊन विचारलं, की सगळे मजेत असतात. ती मजा बहुधा आपणच आत नेलेली असते. खरं ऐकायचं तर चहा संपल्यावरही बसून राहावं लागतं.

आकडा उतरत शून्याखाली गेला आणि तिथेच थांबला.

"त्या कोपऱ्यात बघा, तिथं बरा येईल."

तिथेही आधी बरा आला, मग उतरला.

"तुम्हाला चांगलं काही बघवतच नाही," असं म्हणत काकूंनी फावडं उचललं आणि त्या बांध फोडायला गेल्या.