कुंपणाबाहेरचा पंधरावा

शनिवारी दुपारी सव्वादोन वाजले की समोरच्या घराचं दार उघडायचं आणि मिस्टर ग्रिफ बाहेर यायचे. टाय, कडक इस्त्रीची पँट, चकचकीत बूट. नवऱ्यामुलाच्या मामाने काय नटावं! जायचे कुठे, तर चढावरच्या रग्बी क्लबकडे. पण आत नाही हं. मैदानाच्या कुंपणाला लागून रस्ता होता, तिथे उभं राहून अख्खी मॅच बघायचे. पाऊस असो, गारा पडोत. बॉल उडून रस्त्यावर आला तर दोन्ही हातांनी उचलून आत फेकायचे, लाथ म्हणून मारायचे नाहीत. मॅच संपली की पोरं क्लबहाउसमध्ये बिअर प्यायला, आणि हे आपले घरी.

आम्ही दक्षिण वेल्समधल्या त्या कोळशाच्या खाणींच्या गावात आलो चौऱ्याऐंशी साली. आमचे हे, डॉक्टर, गावचे जीपी आणि मी त्यांच्या सर्जरीत (तिकडे दवाखान्याला सर्जरी म्हणतात) रिसेप्शनला, म्हणजे अख्ख्या गावाच्या कंबरदुखीची चौकीदार. मला वाटलं, म्हातारा चिक्कू दिसतोय. माझ्या जिभेला हाड कधीच नव्हतं, मी तोंडावर विचारलं, "अहो, तिकीट काढून आत बसायला काय होतं तुम्हाला?"

ते हसले. "मला तिकीट देत नाहीत, लव्ह."

तिथे भाजीवालीपासून बस-ड्रायव्हरपर्यंत सगळेच सगळ्यांना लव्ह म्हणतात. तरी पहिल्यांदा आमच्या डॉक्टरांनी पेपरातून डोकं वर काढलं होतंच.

मग हळूहळू कळलं. त्या देशात रग्बी दोन. एक पंधरा जणांची, युनियनवाली. ती हौसेने खेळायची, एक पैसा घेतला तर पाप. दुसरी तेरा जणांची, लीग. ती उत्तर इंग्लंडातल्या गिरणीगावांत, तिथे खेळाडूला पगार. वेल्सचा पोरगा लीगकडे गेला की युनियनचं दार त्याला जन्मभर बंद. खेळायचं नाही, शिकवायचं नाही, क्लबहाउसचा उंबराही ओलांडायचा नाही. मिस्टर ग्रिफ बावीस वर्षांचे होते, एकदा वेल्सची लाल जर्सी घालून झालेली. वडिलांच्या छातीत कोळशाची धूळ बसलेली, खाण बंद, घरात पाच भावंडं. भर दुपारी उत्तरेकडच्या लीगचा एक टोपीवाला येऊन त्यांच्या स्वयंपाकघरात बसला.

"सही करायला एक मिनिट लागलं, लव्ह," ते सांगायचे. "आईने केलेला चहासुद्धा तेवढ्यात गार झाला नव्हता."

उत्तरेत अठरा वर्षं काढली. तिथे ते कायम 'तो वेल्सवाला'. बायकोचा जीव गावासाठी तुटायचा, म्हणून परत आले, तर गावाने नाव ठेवलं 'ग्रिफ नॉर्थ'. दूध घालणाऱ्या डाय नावाच्या माणसाला 'डाय मिल्क' म्हणतात, तसं. आपल्या थडग्यावरही बहुतेक तेच लिहितील, असं ते म्हणायचे. सर्जरीत गुडघे दाखवायला यायचे आणि डॉक्टरांपेक्षा माझ्याशीच जास्त बोलायचे. मलाही ते माणूस जवळचं वाटायचं, खोटं कशाला बोलू? आम्ही पाच वर्षांसाठी म्हणून आलो होतो. पुण्याला गेले की जाऊ म्हणायची, "तुमचं काय बाई, तुम्ही तिकडच्या," आणि इकडे पेशंट विचारायचे, "परत कधी जाणार?" नुसता त्रिशंकू.

"एकदा गेलेल्याला दोन्हीकडे पाहुणचार असतो, लव्ह," मिस्टर ग्रिफ म्हणायचे. "घर कुठेच नसतं."

आणि मग मी तो घोळ घातला.

आसपासच्या हॉस्पिटलांतली दहा-बारा मराठी कुटुंबं मिळून आम्ही रविवारी दुपारी दिवाळीचा फराळ करायचो. एका वर्षी चर्चचा हॉल गळायला लागला. क्लबचे सेक्रेटरी, मिस्टर लुईस, आमचेच पेशंट. त्यांनी आनंदाने क्लबहाउस दिलं. मी समोर जाऊन मिस्टर ग्रिफना आवतण दिलं. माझ्या चकलीवर त्यांचा फार जीव. नियम मला ठाऊक होता, पण मला वाटलं, हॉल आज आपला, आपल्या पाहुण्याला कोण अडवणार? आपल्याकडे नाही का, यजमानाने बोलावलं की झालं!

"दिवे तुमचे आहेत," ते म्हणाले. "दार त्यांचं आहे."

"नाही आलात तर मी बोलणार नाही तुमच्याशी," मी म्हटलं.

सकाळी रांगोळी काढायला गेले, तेव्हा पॅसेजमध्ये एक जुना फोटो दिसला. वेल्सकडून खेळलेल्या पोराचा मान म्हणून त्या वर्षीच्या क्लबच्या टीमचा काढलेला. खाली सोनेरी अक्षरांत नावं. मी सवयीने मोजली. चेहरे पंधरा आणि नावं चौदा. मधल्या रांगेत, बॉल मांडीवर घेऊन बसलेल्या पोराच्या खाली नुसता तपकिरी रंग फासलेला. कान तेच, बाहेर आलेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुपारी ते आले. टाय, बूट, हातात मेणबत्त्यांचं खोकं. पायपुसण्यावर येऊन थांबले. आतून मिस्टर लुईस आले, लाल लाल झालेले. "ग्रिफ, माझ्या हातात असतं तर... कुणी वर युनियनला कळवलं तर क्लबवर येईल."

"आज हॉल माझा आहे!" मी ओरडलेच. मागे तबला थांबला.

"त्याला अडचणीत आणू नका, लव्ह," मिस्टर ग्रिफ म्हणाले. "तो माझ्या मित्राचा मुलगा आहे." आणि खोकं माझ्या हातात देऊन दोन पावलं मागे सरकले.

काय करावं सुचेना. मी ताट वाढलं, चकली, करंजी, चिवडा, आणि बाहेर नेऊन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी भिंतीला टेकून, टायवर रुमाल धरून खाल्लं. छान झालंय म्हणाले. आत सगळे मला म्हणाले, "बरं केलंस हो, केवढं मन तुझं."

आणि मला एकदम आजोळ आठवलं. मी आठ वर्षांची. दत्तू सुताराने मुलीचं लग्न जातीबाहेर लावलं म्हणून त्याला वाळीत टाकलेलं. मामाच्या लग्नात आजोबांनी त्याचं ताट माझ्या हाती फाटकाबाहेर पाठवलं. लहान पोरीने नेलं तर कुणी बोट ठेवत नाही. तेव्हाही सगळे म्हणाले होते, आजोबांचं केवढं मन! इतक्या वर्षांनी, इतके समुद्र ओलांडून मी तेच ताट घेऊन बाहेर गेले होते. मला रडू आवरेना. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

पंचाण्णव साली युनियनवाल्यांनीच पैसे घेऊन खेळायला मोकळीक दिली आणि जुनी बंदी उठली. मिस्टर लुईस स्वतः पत्र घेऊन समोरच्या दारात आले. क्लब मानाचा सभासद करून घेणार होता, फोटोखाली नावही. मिस्टर ग्रिफ ब्याऐंशी-त्र्याऐंशीचे. दम लागायचा, गुडघे तर संपलेच होते. आठवडाभर त्यांनी उत्तर दिलं नाही. मग मला म्हणाले, "तुम्ही बरोबर याल?"

शनिवारी मी त्यांचा हात धरला. पायपुसण्यावर ते थांबले, जोडे पुसले, फार वेळ पुसले, आणि आत पाऊल टाकलं. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. ते सरळ फोटोपाशी गेले. नवं नाव बाकीच्यांपेक्षा जास्तच चमकत होतं. त्यांनी एकेका चेहऱ्यावर बोट ठेवलं. हा खाणीत गेला. हा लढाईत. हा लुईसचा बाप. चौदाच्या चौदा.

मग टाळ्या वाजवणाऱ्या त्या गर्दीकडे वळून बघितलं आणि हळूच म्हणाले, "आत कुणीच नाहीये, लव्ह."

बिअर हातात दिली, ती एक घोट घेऊन ठेवली. मॅच सुरू व्हायच्या आधी ते बाहेर पडले आणि कुंपणापाशी, आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. मी बरोबर. थोड्या वेळाने बॉल उडून रस्त्यावर आला. आत सगळी पोरं थांबली. कुणीतरी ओरडलं, "मारा किक, ग्रिफ!" त्यांनी वाकून, कण्हत, दोन्ही हातांनी तो उचलला आणि आत फेकला.

"अहो, आता परवानगी आहे ना!" मी म्हटलं.

"पायाला अजून कुणी सांगितलेलं नाही," ते म्हणाले.

फेब्रुवारीत ते गेले. चर्चमधल्या अंत्यविधीनंतरचा चहा क्लबहाउसमध्ये होता. मिस्टर लुईसनी माझ्यासाठी दार धरून ठेवलं. पहाटे उठून केलेल्या चकल्यांचं ताट मी ह्या वेळी आत नेलं, आणि कुणापुढे ठेवायचं ते न कळून तशीच उभी राहिले.