मेथीच्या डब्यावरचं तोंड

आमच्या अंबरपेठेतल्या घरात सगळ्यांना वाचता येईल अशी एक लिपी नव्हती. मी मराठी चौथीपर्यंत शिकले. नवरा उर्दू शाळेत शिकलेला, सरकारी कचेरीत कारकून. मराठी बोलायचा, पण वाचताना अडखळायचा. मुलगा इंग्रजी शाळेत गेला. स्वयंपाकाला येणाऱ्या बाईला तेलुगू यायचं, तेही बोलण्यापुरतं. मसाल्याच्या डब्यांवर नावं लिहून काही उपयोग नव्हता. म्हणून मी चित्रं काढायला लागले.

आधी मिरची, हळकुंड अशी साधी काढली. पण जिरं आणि बडीशेप चित्रात सारखीच दिसतात. मग मी माणसं काढली. खिडक्यांना लावून उरलेला काळा ऑइलपेंट होता आणि एक बारीक ब्रश होता. मिठावर नवरा काढला, हात पुढे केलेला, कारण पहिला घास तोंडात जायच्या आत तो मीठ मागायचा. हिंगावर वरच्या मजल्यावरचे वकील. ते जिन्यात असले की अत्तराच्या वासावरून घरात कळायचं. पुढे सून आली, पुण्याची, कॉम्प्युटरवर काम करणारी. तिला मोहरीवर घेतली. आधी गप्प, मग एकदम तडतड. तिने ते पाहिलं आणि फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. नवऱ्याने स्वतःचं चित्र पाहिलं, "नाक जरा मोठं झालं" म्हणाला आणि मीठ मागितलं.

चित्र काढायला मला कुणी शिकवलं नाही. माणूस स्वतःला विसरून काही करत असतो तेव्हाच त्याचं चित्र निघतं, एवढं मला कळतं. फोटोसाठी उभा राहिला की तो दुसराच कुणी होतो.

मेथीवर नणंद होती. उंच अंबाडा, नाकाच्या टोकावर चष्मा, तोंडाची दोन्ही टोकं खाली. ती माझ्याहून लहान. लग्न केलं नाही, जन्मभर शाळेत शिकवलं, आता मलकपेठला एकटी राहते. रोज सकाळी दहाला तिचा फोन येतो. नवरा गेल्यापासून माझ्याशी तासभर भांडेल असं दुसरं कुणी राहिलेलं नाही. मेथीचा डबा मी फडताळात मागे ठेवायची, तिच्या नजरेला पडू नये म्हणून.

गेल्या थंडीत तिच्या गुडघ्यांसाठी मेथीचे लाडू केले. मी डोळे तपासायला गेले होते तेव्हा स्वयंपाकाच्या नवीन बाईने ते डब्यात भरले आणि मुलाने ऑफिसला जाता जाता मलकपेठला पोचवले. दुसऱ्या दिवशी दहा वाजले, अकरा वाजले, फोन नाही. मी फडताळ उघडलं. मागची जागा रिकामी.

"मेथीचा डबा कुठे गं?"

"मेथी का लड्डू, मेथी के डब्बे में डाली, अम्मा," ती म्हणाली. तिच्या लेखी ते तोंड म्हणजे मेथी. नणंदेला तिने कधी पाहिलंच नव्हतं.

मी फोन केला. तिने उचलला नाही. पाचव्या दिवशी मुलाबरोबर डबा परत आला. घासून पुसून रिकामा. आमच्यात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. सहाव्या दिवशी डबा पिशवीत घातला आणि ऑटो करून मलकपेठला गेले.

दार उघडून ती म्हणाली, "या वहिनी. मेथी घरीच आहे."

"लाडू कसे झाले?"

"कडू."

"खाल्लेस ना पण?"

"टाकणार होते. गुडघे दुखले म्हणून खाल्ले."

मी बसले. माफी मागायला मला जमत नाही, आणि चित्र चुकलं म्हणणं खोटं झालं असतं. "चेहरा बरोबर उतरलाय," मी म्हटलं.

"उतरलाय. आरशासमोर धरून बघितला मी." ती चहा टाकायला उठली नाही. "मी कडू आहे, हौ. शाळेतल्या पोरीही म्हणायच्या. पण तुमच्या मुलाने मला सगळं सांगितलं. दादा मिठावर, सून मोहरीवर, वकील हिंगावर. सगळ्यांना बसवलंत. तुम्ही कशावर आहात?"

मी कशावरच नव्हते. इतक्या वर्षांत ते मला सुचलंही नव्हतं. दुसऱ्यांकडे बघत बसलं की आपल्यालाही कुणी बघतंय हे ध्यानात राहत नाही.

तिने बिस्किटाचा रिकामा डबा आणला, काळं मार्कर पेन आणलं, हातआरसा आणला. "काढा."

मी अर्धा तास घातला. तिने चष्मा वर करून पाहिलं.

"ही कोण? इतकं गरीब तोंड तुमचं लग्नातसुद्धा नव्हतं."

खरं होतं. मी आरशासमोर फोटोला बसल्यासारखी बसले होते. तिने स्पिरिटच्या बोळ्याने ते पुसून टाकलं आणि आरसा काढून घेतला.

"मी सांगते तसं काढा. ओठ दाबलेले. एक भुवई वर. हनुवटी पुढे. समोर बसलेला मूर्खच आहे, असं."

मी काढत गेले. शेवटची रेघ ओढली आणि बघितलं, तर ती मीच. मला हसू आलं. ती हसली नाही. उठली आणि चहा टाकला.

निघताना मेथीचा डबा तिने माझ्या हातात दिला. आत वाटीभर साखर होती. दुसऱ्या दिवशी दहाला फोन आला.

माझं तोंड असलेल्या त्या बिस्किटाच्या डब्यात तिने काय भरलंय ते मात्र सांगत नाही. तिच्याकडे गेले की मी तिचं फडताळ उघडून बघते. डबा सगळ्यात वरच्या फळीवर, माझा हात पोचणार नाही असा.