दादाने थांबवलेल्या लढती

माझा दादा दिवसभर वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचा आणि संध्याकाळी बॉक्सिंग खेळायचा. नाक दोनदा मोडलं, तरी हौस फिटेना. ती फिटली बाविसाव्या वर्षी. रिंगमध्ये समोर बेकरीत काम करणारा एक जण होता. तो पडला, रेफरीने आठपर्यंत मोजलं, तो उठला, मुठी वर केल्या. रेफरी म्हणाला, खेळा. दादाने एकच ठोसा मारला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

"उठला तेव्हाच त्याच्या डोळ्यांत कुणी नव्हतं गं," दादा मला म्हणाला. "मला दिसलं होतं, तरी मारलं."

म्हणून दादा रेफरी झाला. पण कसला रेफरी! रंगात आलेली लढत मध्येच थांबवायचा. लोक भित्री भागूबाई म्हणायचे. मी खोदून विचारलं, तर म्हणे, "बेकरीवाला येतो. ज्याच्या मागे उभा राहील, त्याला मी खेळू देत नाही." पण खरं-खोटं कळणार कसं? थांबवलेल्या लढतीत कुणाला काही होतच नाही.

माझ्या लेकीच्या बॉक्सिंगच्या फायनलला ठरलेला रेफरी आजारी पडला आणि क्लबने दादालाच उभं केलं. पोरीने तीन वर्षं जिवाचं रान केलं होतं. मी बजावलं, "तुझी भुतं घरी ठेवून ये."

शेवटच्या फेरीत ती चांगली पुढे होती आणि दादाने हात आडवा घातला. तिच्यासमोर बोटं धरून आठ मोजले. "मामा, मी ठीक आहे," ती म्हणाली. त्याने लढत थांबवली.

आतल्या खोलीत मी त्याला नाही नाही ते बोलले. "सख्ख्या भाचीच्या मुळावर उठलास, मेल्या!" लेक बाकावर बसून हातांच्या पट्ट्या सोडत होती. सोडून झाल्या आणि तिने त्या परत गुंडाळायला घेतल्या.

"आई, माझी मॅच कधी आहे गं?"

मला वाटलं, टोमणा मारतेय. तिने हसत हसत परत तेच विचारलं.

दादा तिच्या मागच्या भिंतीकडे बघत होता. "अजून गेला नाही तो," तो म्हणाला. "डॉक्टरला आण. पळ!"

डोक्यात रक्तस्राव झाला होता. ऑपरेशन झालं, पोर वाचली.

आता दादा घरी आला की दारातच थांबतो, आधी तिच्या पाठीमागे बघतो आणि मग चपला काढतो. त्या चपला निघेपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो.