कानातलं काढून ये

"कानात सोनं घालून फुकटचा वकील मागतेस? लाज नाही वाटत? जा, ते काढून ये."

कोर्टात मोफत वकिलाचे अर्ज घेणारा कारकून सगळ्यांसमोर ओरडला. बाकावरची माणसं हसली. माझ्या कानांकडे बघायला लागली.

इवलीशी फुलं. एमआयडीसीत औषधांचे खोके भरून, ओव्हरटाइम करून घेतलेली. आमच्या घरात अंगाला लागलेलं पहिलं सोनं.

माझा गुन्हा काय? आमच्या बौद्धवाडीची वाट गावातल्या मोठ्या जमीनवाल्यानं तार लावून अडवली. ती तार मी उपटली. मालकानं केस टाकली. कुंपण तोडलं, अंगावर धावून आली म्हणे. त्याचा वकील मुंबईहून येतो. मला कोणीच नाही. शिक्षा लागली की कंपनीच्या गेटवरूनच परत.

सोबत आई होती. कुजबुजली, "काढ गो. गरीब दिसल्याबिगर कोन द्येल वकील?"

आईनं जन्मभर मालकाच्या अंगणाबाहेर चपला काढल्या. तिला काढायची सवय.

मी काढलं. दर मार्चला चवदार तळ्यावर घसा बसेपर्यंत घोषणा देणारी मी, कोर्टाच्या नळामागे लपून कानातलं काढत होते. आईनं ते पदराच्या गाठीत बांधलं. मला रडू आलं. माझीच चीड आली.

परत गेले तर कारकून फोनवर. थांब म्हणाला. दाराशी पाटी होती, ती उभ्या उभ्या वाचली. मोफत वकील कोणाला? स्त्रियांना. अनुसूचित जातींना. कारखान्यातल्या कामगारांना. उत्पन्न कितीही असो. मी तिन्हींत बसत होते.

फोन ठेवून तो हसला. "हां, आता दिसतेस गरीब."

मी आईच्या पदराची गाठ सोडली. त्याच्यासमोर, अख्ख्या बाकासमोर, फुलं कानात घातली. फिरकी लागेना. लावलीच.

"गरीब म्हनून नाय आले. माझा हक्क हाय. पाटी तुमच्याच दारावर हाय, वाचा."

त्यानं मान वर न करता अर्ज घेतला.

वकील मिळाला. पहिल्याच भेटीत म्हणाला, "ताई, माफी मागून टाका. मिटून जाईल."

"मिटवायला नाय, लढायला वकील मागितलाय," मी म्हटलं.

मालकानं तार पुन्हा ताणली आहे. उद्या कंपनीत माझी सकाळची पाळी. त्याच वाटेनं जाणार, कानात फुलं घालून. तार उपटून.